कोकोची काळी पडणारी फळं: औषधाआधी फेरी

तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून नीट पाहिले. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. घर कोथरूडला, दापोली तालुक्यात आजोबांच्या वेळचं नारळ-सुपारीचं आगर, त्यात सहा वर्षांपूर्वी लावलेली कोकोची दीडशे झाडं. दोन वर्षं फळधारणा चांगली आहे, पण जुलै-ऑगस्टमध्ये निम्मी फळं काळी पडून सडतात आणि बोटाएवढी बारीक फळं खोडावरच सुकतात. तुम्ही ताम्हिणीमार्गे पंधरा दिवसांनी एकदा जाता. एरवी आगर सांभाळणारे काका नारळ-सुपारीचंच पाहतात. दुकानातून बुरशीनाशक आणि कीटकनाशक एकत्र करून दिलेलं औषध फवारलं, फरक पडला नाही. आता विचारताय, याहून जालीम औषध कोणतं? शिवाय केरळातून नवी रोपं आणायचा विचार आहे, आणि पुण्यात बाल्कनीतल्या दोन रोपांची पानं कडेनं करपतात, तीही याच रोगाने का?

औषध बदलून हा प्रश्न सुटणार नाही, हे आधीच सांगते. तुमच्या आगरात रोग वाढतो तो दोन फेऱ्यांच्या मधल्या पंधरा दिवसांत. तो रोखायचा तर पावसाळ्याचे चार महिने दर आठवड्याला कुणीतरी कोयती घेऊन प्रत्येक झाडाखालून फिरलंच पाहिजे. फवारणीचा उपयोग आहे, पण या फेरीच्या जोडीने. असं का, ते सविस्तर लिहिते. कारण पटल्याशिवाय भर पावसात झाडाखाली वाकून फळं शोधायचं काम कुणी नेटाने करत नाही.

तुमच्या फोटोंत एकच रोग नाही. पहिल्या चार फोटोंत आहे ती काळी फळकूज. हिरव्या फळावर चॉकलेटी-तपकिरी डाग, बहुतेकदा देठाकडून किंवा टोकाकडून सुरू झालेला, कडा स्पष्ट. डागाची जागा सुरुवातीला दाबून पाहिली तर टणकच लागते. दोन-तीन दिवसांत त्यावर विरळ पांढरट थर येतो आणि साधारण दोन आठवड्यांत अख्खं फळ काळं होतं. तुमचं खरं नुकसान इथे आहे. जगभर कोकोचं जे उत्पादन रोगांपायी जातं त्यात या एका रोगाचा वाटा सगळ्यात मोठा; दरवर्षी २० ते ३० टक्के फळं याने जातात असं सर्वसाधारणपणे धरलं जातं.

पाचव्या आणि सहाव्या फोटोतली बोटभर फळं मात्र रोगाने गेलेली नाहीत. कोको झाडाला पेलतील त्याहून कितीतरी जास्त फळं धरतो आणि मग त्यातली बरीचशी स्वतःच सोडून देतो. आंब्याची कैरी गळून खाली पडते. कोकोचं बारीक फळ गळत नाही. ते आधी पिवळसर पडतं, सुरकुततं, काळं होतं आणि खोडाला चिकटून राहतं. म्हणून पाहणाऱ्याला रोगच वाटतो. ओळखायची खूण अशी: अख्खं फळ एकसारखं पिवळं पडून सुकत गेलं असेल तर ती झाडाने केलेली विरळणी. हिरव्याच फळावर एका जागी तपकिरी डाग पडून तो पसरत असेल तर कूज. पहिल्या तीन महिन्यांच्या आतल्या फळांत निम्म्याहून अधिक अशी जाणं नवल नाही, त्यासाठी कसलीही फवारणी करू नका. उन्हाळ्यात शिंपणं चुकलं, खत कमी पडलं किंवा सावली फार दाट असली तर हे प्रमाण वाढतं, एवढं लक्षात ठेवा. सुकलेली बारीक फळं फेरीत काढून टाकायची, कारण पुढे दुसऱ्या बुरश्या त्यांवर आसरा घेतात.

शेवटच्या फोटोतले फळावरचे बारीक, गोल, काळपट ठिपके पाहून कोकणातला काजू बागायतदार लगेच सांगेल, हा ढेकण्या. काजूच्या मोहोरावर आणि कोवळ्या फुटीवर येतो तोच. कोकोच्या फळातला रस शोषताना तो जिथे सोंड खुपसतो तिथे ठिपका पडतो, पुढे तो सुकून खवल्यासारखा होतो. तुमच्या बांधाला काजू आहे असं लिहिलंय, तेव्हा तो तिथूनच येत असणार. मोठ्या फळाचं याने फारसं बिघडत नाही, कोवळी फळं मात्र वेडीवाकडी होतात. कुजीचा डाग रोज वाढतो, ढेकण्याचा ठिपका आहे तेवढाच राहतो. शंका आली तर डागाभोवती पेनने रेघ मारा आणि काकांना दोन दिवसांनी पाहायला सांगा.

आता कुजीकडे येते, कारण सगळं तिच्यावरच अवलंबून आहे.

या रोगाचं मूळ फायटोफ्थोरा पाल्मिव्होरा. आपण सवयीने तिला बुरशी म्हणतो, पण ती खऱ्या बुरश्यांपासून वेगळ्या, पाण्यावर जगणाऱ्या जीवांच्या गटातली आहे. हा गट पुणे जिल्ह्यालाही नवा नाही. जुन्नर-नारायणगावकडे द्राक्षावर येणारा डाऊनी आणि मंचरकडे बटाट्याचं पीक दोन-चार ढगाळ दिवसांत झोपवणारा करपा याच गटातले. सुपारीची फळं कुजवून गळवणारा कोळेरोग आणि मिरीचा मर फायटोफ्थोराच्याच इतर जातींमुळे होतात. आणि नारळाचा कोंब कुजतो तो पुष्कळदा कोकोवरच्या याच जातीने. म्हणजे तुमच्या आगरात वर नारळ, मध्ये सुपारी, खाली कोको अशी तिन्ही पिकं एका घराण्याच्या शत्रूखाली आहेत. काका कोळेरोगासाठी जे करत आले आहेत ते त्यांना कोकोसाठी नव्याने शिकवावं लागणार नाही. फक्त फळ खोडावर आहे, शेंड्यात नाही, एवढाच फरक.

आजारी फळावरचा तो पांढरट थर म्हणजे लाखो बीजाणूधान्या, बीजाणूंच्या बारीक पिशव्या. पावसाचं पाणी मिळालं की त्या फुटतात आणि आतून शेपटीवाले, पाण्यात पोहणारे बीजाणू बाहेर पडतात. फळावर पाण्याचा पातळ पापुद्रा काही तास टिकला तरी त्यांना पुरतं. साल फाटलेली किंवा जखमी असायची गरज नसते. आत शिरल्यावर तीन ते सहा दिवसांत डाग दिसतो, त्यापुढे आणखी दोन-तीन दिवसांत त्या डागावर नवा थर तयार. म्हणजे आठवडाभराची एक पिढी. तुम्ही शनिवारी एक फळ चुकवलं आणि पंधरा दिवसांनी आलात, तर मधल्या काळात दोन पिढ्या होऊन गेलेल्या असतात. हे चक्रवाढ व्याजासारखं चालतं, म्हणून जूनमध्ये झाडामागे एखादं दिसणारं काळं फळ ऑगस्टमध्ये निम्म्या बागेला पोचतं. दुकानातलं कुठलंही औषध कुजलेलं फळ परत हिरवं करत नाही आणि त्या फळावर तयार झालेले लाखो बीजाणू मागे घेत नाही. ते काम फक्त कोयती करते.

फेरी आठवड्याची हवी असं म्हणते त्यामागे एवढाच हिशेब आहे. डाग दिसला आणि त्यावर थर येण्याआधी फळ झाडावरून गेलं, तर ती पिढी तिथेच संपते. पाऊस अगदी संततधार असेल तेव्हा पाच दिवसांनी झाली तर आणखी चांगलं.

काकांवर हे लादू नका. त्यांचं वय तुम्ही लिहिलंय, शिवाय खोडाच्या बुंध्यापासून फांद्यांच्या बेचक्यांपर्यंत नजर फिरवायचं काम धसमुसळेपणाने होत नाही. एका झाडाला दोन मिनिटं धरली तर दीडशे झाडांना पाच तास. वाडीतल्या एखाद्या ताईंना जून ते सप्टेंबर दर आठवड्याला एक दिवसाची मजुरी ठरवून द्या. पहिल्या दोन फेऱ्या तुम्ही स्वतः बरोबर फिरा आणि डाग कसा दिसतो ते हातात फळ घेऊन दाखवा. औषधांवर जेवढा खर्च केला असेल, त्यापेक्षा हा खर्च मला कितीतरी सार्थकी लागणारा वाटतो.

फेरीत पिकलेली निरोगी फळं आधी काढायची, आजारी फळं नंतर, आणि त्यासाठी कोयती वेगळी. एकच असेल तर आजारी फळानंतर पातं स्पिरिटच्या फडक्याने पुसायचं. फळ पिळून किंवा ओढून तोडायचं नाही. कोकोला फुलं खोडावरच्या ठरावीक गादीवर वर्षानुवर्षं येतात. देठ ओढला की ती गादी फाटते, पुढची फुलं जातात आणि जखमेतून रोग खोडात शिरतो. कापलेलं आजारी फळ खाली टाकू नका. मातीत ही फायटोफ्थोरा दीर्घकाळ तग धरते आणि पावसाच्या थेंबांनी उडालेल्या चिखलाबरोबर पुन्हा वर येते. बुंध्यालगतची फळं आधी काळी पडतात ती यामुळेच, तुमच्या फोटोंतही तेच दिसतंय. फळ बादलीत घ्यायचं आणि बागेबाहेर, उताराच्या खालच्या अंगाला खणलेल्या खड्ड्यात टाकून वर वीतभर माती ओढायची. खड्डा वरच्या अंगाला असला तर पावसाचं पाणी त्यातून वाहत परत बागेतच येईल.

फळं फोडल्यावर उरलेल्या टरफलांचाही बंदोबस्त करा. तुमच्या विहिरीजवळच्या फोटोत मागे टरफलांचा मोठा ढीग दिसतोय. तो उघडा ढीग म्हणजे बागेच्या मधोमध चालू असलेला रोगाचा कारखाना. तो या आठवड्यातच हलवा. टरफलांचं खत उत्तम होतं, पण खड्ड्यात, मातीखाली.

पूर्ण वाढलेल्या, पिकत आलेल्या फळाला डाग पडला असेल तर ते वाया गेलं असं समजू नका. कूज आधी सालीत पसरते, बियांपर्यंत पोचायला तिला वेळ लागतो. फळ त्याच दिवशी फोडा. गर पांढरा, बिया स्वच्छ असतील तर घ्या. तपकिरी छटा आलेल्या, वास येणाऱ्या बिया टाकून द्या. पुण्यात आता बियांपासून स्वतः चॉकलेट करणारे छोटे उत्पादक आहेत, तुम्ही त्यांनाच माल द्यायचं म्हणताय. थोड्या सडक्या बिया अख्ख्या पेटीतल्या आंबवणाची चव घालवतात आणि असा माल त्यांच्याकडून परत येतो.

मुंग्यांकडेही बघा. काळ्या फळांवर, देठापाशी मातीची घरटी करणाऱ्या मुंग्या ती माती रोगट जमिनीतून आणतात, आणि वरच्या फांद्यांवरची फळं खालच्याआधी काळी पडली तर बहुधा त्यांचं काम असतं. घरटी काठीने झाडून टाकली तरी पुष्कळ फरक पडतो. उंदीर आणि खारींनी कुरतडलेली फळंही फेरीत काढा. उंदीर साधारण देठाकडे कुरतडतो, खार फळाच्या मध्यावर भोक पाडते. अशा जखमांतून एक वेगळीच कूज येते, तिची काजळीसारखी भुकटी बोटाला लागते. ती उन्हाळ्यात आणि अशक्त झाडांवर जास्त दिसते. तिच्यासाठी औषध फवारण्यात अर्थ नाही, जखमा थांबवायच्या.

आता बागेतली हवा. दापोलीला पाऊस साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पाणी तुम्ही अडवू शकत नाही, पण फळ किती वेळ ओलं राहतं हे बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे. लाखी बागेच्या, म्हणजे नारळात मसाल्याची पिकं घेण्याच्या, धर्तीवर तुम्ही नारळ-सुपारीत जायफळ, दालचिनी, मिरी आणि कोको असं सगळं घेतलंय. कल्पना चांगली, पण फोटोत भर दुपारी जमिनीवर उन्हाचा एकही कवडसा दिसत नाही. सुपारी २.७ मीटरवर असेल तर कोको एक ओळ सोडून, म्हणजे २.७ बाय ५.४ मीटरवर लावण्याची शिफारस आहे. तुम्ही प्रत्येक ओळीत लावलेला दिसतो. सगळी झाडं लगेच काढा असं म्हणणार नाही. दोन हंगाम झाडवार उत्पन्न पाहा आणि मग सगळ्यात कमी देणारी काढा, त्याबद्दल पुढे लिहितेच.

छाटणी मात्र टाळू नका. मुख्य तोडणी संपल्यावर एकदा आणि मे महिन्यात पावसाआधी हलकी. खोडावरून सरळ वर जाणारे जोमदार फुटवे काढायचे, जमिनीकडे लोंबणाऱ्या फांद्या काढायच्या, दोन झाडांच्या एकमेकांत गुंतलेल्या फांद्या मोकळ्या करायच्या. दुपारी झाडाखाली कवडसे पडले की पुरे. झाड एकदम उघडं करू नका, खोडावर थेट ऊन पडलं तर साल भाजते आणि तिथून वेगळी दुखणी सुरू होतात. त्याच वेळी गेल्या वर्षीची काळी, वाळून दगड झालेली फळं एकूण एक काढायची. पुढच्या जूनची पहिली लागण पुष्कळदा त्यांच्यातूनच होते. पाणी साचणाऱ्या जागी चर काढायचे, तेही मे संपायच्या आत.

स्वच्छता म्हणजे बाग झाडून लख्ख करणं असा अर्थ मात्र कृपा करून घेऊ नका. कोकोची गळलेली पानं जमिनीवर राहू द्या. त्या आच्छादनाने चिखल उडून बुंध्याच्या फळांवर बसणं कमी होतं. आणखी एक कारण आहे, ते बहुतेकांना माहीत नसतं. कोकोच्या फुलांचं परागीभवन मधमाशी करत नाही. डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा चिलटांसारख्या माश्या करतात, आणि त्या वाढतात कुजणाऱ्या ओल्या पाचोळ्यात. पाचोळा गेला तर त्या जातात, त्या गेल्या तर फळधारणा जाते. दुकानातून मिळालेल्या मिश्रणावर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. त्यातलं कीटकनाशक काळ्या फळकुजीवर काहीही करत नाही, मात्र फुलं असलेल्या खोडावर मारलं तर या माश्यांचा जीव घेतं. ढेकण्यासाठी करायचंच असेल तर फळांवर प्रत्यक्ष किडे दिसतात तेवढ्याच झाडांपुरतं करा.

मग फवारायचं काय? बोर्डो मिश्रण. फ्रान्सच्या बोर्डो भागात द्राक्षावरच्या डाऊनीसाठी १८८५ मध्ये ते जगापुढे आलं, आणि आपल्या किनाऱ्यावर सुपारीच्या कोळेरोगाविरुद्ध पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. कोकोच्या फळकुजीसाठीही १ टक्का बोर्डोचीच शिफारस आहे. मात्र ते प्रतिबंधक आहे: फळावर आधीपासून असेल तर उतरणाऱ्या बीजाणूला मारतं, आत शिरलेल्या रोगाला काही करत नाही. तुमची पहिली फवारणी जुलैमध्ये, निम्मी फळं काळी पडल्यावर झाली. ती मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस लागण्याआधी व्हायला हवी. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी करावी असं सांगितलं जातं. कोकणात पाऊस वेळापत्रक पाळू देत नाही, म्हणून उघडीप मिळाली की करायची आणि फवारल्यावर काही तास कोरडे मिळतील असा दिवस धरायचा. प्रत्येक फवारणीआधी आजारी फळं काढून झालेली असली पाहिजेत. त्यांच्यावर औषध मारणं म्हणजे औषध फुकट घालवणं.

१०० लिटरला १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना. झाडाला दोन लिटर धरले तर तुम्हाला ३०० लिटर लागेल, म्हणजे दोन्ही ३-३ किलो. मोरचूद निम्म्या पाण्यात प्लॅस्टिकच्या पिंपात विरघळवायचं, लोखंडी किंवा पत्र्याच्या भांड्यात नाही. चुना उरलेल्या निम्म्या पाण्यात विरवून, थंड झाल्यावर कापडातून गाळून घ्यायचा. मग मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्याच्या पाण्यात ओतायचं आणि सतत ढवळायचं. तयार झाल्यावर घासून स्वच्छ केलेला विळा त्यात थोडा वेळ बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं राहिलंय, त्याने फळं आणि पानं भाजतील. अजून चुन्याचं पाणी घालून पुन्हा परीक्षा करा. हवेत राहून भुगा झालेला जुना चुना घेतला की हमखास हे होतं. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. फवारा पानांवर नको, खोड आणि फळं चारी बाजूंनी भिजली पाहिजेत, विशेषतः फळाचा देठ आणि खोड यांच्या मधली खाच, कारण पाणी तिथे साचतं. फवारणीनंतर पंप लगेच धुवा आणि काम करताना डोळे झाका. काकांना हे माहीत असेल, तरी सांगा.

एवढं करायला वेळ नसेल तर कॉपर ऑक्सिक्लोराईड, लिटरला ३ ग्रॅम. सोपं आहे, पण कोकणच्या पावसात बोर्डोइतकं टिकत नाही. झाडात भिनणाऱ्या आंतरप्रवाही औषधांबद्दल, म्हणजे मेटॅलॅक्झिल असलेल्यांबद्दल, तुम्ही मुद्दाम विचारलंय. ती या गटावर चालतात हे खरं, पण पुन्हा पुन्हा तेच वापरलं की फायटोफ्थोरा त्याला सरावते. शिवाय पुड्यावर ज्या पिकाचं नाव छापलेलं नाही त्या पिकावर ते मारू नये. तुमचा माल तर थेट खाण्याच्या पदार्थात जाणार आहे. तांब्याचाही अतिरेक नको, ते जमिनीत साठत जातं. आठवड्याची फेरी नीट झाली तर हंगामात दोन-तीन फवारण्यांवर भागू शकतं असं माझं मत आहे.

खोडं तपासा. काळं फळ बरेच दिवस झाडावर राहिलं की रोग देठातून सालीत उतरतो. सालीवर पाणी मुरल्यासारखा काळपट डाग, त्यातून तांबूस पाणी झिरपून गंजासारखं वाळलेलं, आणि चाकूने थोडं खरवडलं की आतली साल निरोगी फिकट रंगाऐवजी लालसर-जांभळट: हा खोडाचा कॅन्सर म्हणतात तो. नागपूरकडे संत्र्याचा डिंक्या पाहिलेल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल, कारण तोही फायटोफ्थोराचाच उद्योग. डाग खोडाच्या सगळ्या बाजूंनी फिरला तर झाड वरून वाळतं. लवकर सापडला तर खराब साल निरोगी भाग लागेपर्यंत तासून काढायची, तासलेले तुकडे गोळा करून नष्ट करायचे आणि जागेवर बोर्डो पेस्ट लावायची: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. हे कोरड्या दिवशीच करा.

केरळातून रोपं आणण्याबद्दल थोडी काळजी वाटते. दक्षिणेत फांद्या वाळवणारा एक रोग आहे, शिरांमध्ये वाढणाऱ्या बुरशीचा. शेंड्यापासून दुसऱ्या-तिसऱ्या फुटीतलं एखादंच पान पिवळं पडतं, त्यावर हिरवे ठिपके राहतात. पान गळल्यावर देठाच्या वणावर तीन तपकिरी ठिपके दिसतात, आणि फांदी उभी चिरली तर लाकडात तपकिरी रेघा. तुमच्याकडे तो दिसत नाही, येऊही देऊ नका. दिसलाच तर रेघ जिथे संपते त्याच्याही ३० सेंटिमीटर खाली फांदी कापायची. वेल्लानिक्कराच्या केरळ कृषी विद्यापीठाने आणि कर्नाटकातल्या विट्टलच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेच्या केंद्राने चांगले वाण दिले आहेत. आणायचीच तर थेट तिथून किंवा त्यांच्या मान्यताप्राप्त रोपवाटिकेतून आणा, रस्त्याकडेच्या रोपवाटिकेतून नाही. आणल्यावर काही महिने बाकीच्या बागेपासून दूर ठेवा.

परदेशातून मित्र फळं आणून देणार आहे, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. त्याला आजच फोन करून नको म्हणा. परवाना आणि तपासणीशिवाय असं बी-बियाणं आणणं २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाने बंद आहे, आणि त्याला सबळ कारण आहे. ब्राझीलच्या बाहिया भागात १९८९ मध्ये ‘विचेस ब्रूम’ नावाचा रोग पोचला आणि जेमतेम दशकभरात देशाचं उत्पादन चौथाईवर आलं. घानात १९३६ मध्ये ओळखल्या गेलेल्या, पिठ्या ढेकणांमार्फत पसरणाऱ्या विषाणूपायी वीस कोटींच्या वर झाडं तोडावी लागली. दक्षिण अमेरिकेतला ‘फ्रॉस्टी पॉड’ २०१६ मध्ये जमैका बेटावर पोचला. आपली दक्षिणेतली बाग आजवर या तिन्हींपासून वाचली आहे, आणि तिला धोका आहे तो कुणाच्या तरी पिशवीतल्या फळाचा.

बाल्कनीतल्या रोपांना रोग नाही. कोकोला दमट हवा लागते. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि दुपारी हवा कोरडी ठक्क असते, मग पानांच्या कडा करपणारच. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी देत असाल तर क्षार साठून ते वाढतं. सकाळचं ऊन, दुपारची सावली, आणि महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर गोडं पाणी वाहू देणं एवढं करा. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा रोपं घरात घ्या. फळांची अपेक्षा मात्र ठेवू नका.

झाडवार नोंदीचं काम या शनिवारपासूनच सुरू करा. प्रत्येक झाडाला क्रमांक द्या. ऑइल पेंटने सुपारीच्या खोडावर लिहिला तरी चालेल, कोकोच्या सालीवर नको. ताईंना वहीत दोनच आकडे लिहायला सांगा: किती निरोगी फळं काढली, किती काळी काढली. दोन पावसाळ्यांत तुम्हाला दिसेल की शेजारी शेजारी उभ्या असलेल्या झाडांत फार मोठा फरक आहे. बियांपासून वाढवलेल्या कोकोत प्रत्येक झाड वेगळं असतं. काही झाडांची निम्मी फळं जातात, काहींची जेमतेम एखाद-दुसरी. दाटी कमी करताना सारखी आजारी पडणारी, कमी देणारी झाडं आधी काढायची. आणि स्वच्छ राहणाऱ्या, भरपूर देणाऱ्या झाडांचे डोळे घेऊन रोपांवर भरायचे, म्हणजे केरळपर्यंत जायची गरजही कदाचित उरणार नाही. फक्त एकाच उत्तम झाडाचे डोळे सगळीकडे भरू नका. कोकोची बरीच झाडं स्वतःच्या परागाने फळ धरत नाहीत, आणि एकाच आईच्या कलमांनी भरलेल्या ओळी फुलांनी लगडूनही रिकाम्या राहतात; निदान पाच-सहा वेगवेगळी आईझाडं निवडा आणि त्यांची कलमं ओळींत मिसळून लावा.